पाइपांची जुडी

आईचे गुडघे पार गेलेले. दिवा, पंखा, बाहेरच्या खोलीतली घंटा, सगळं तिला पलंगावरूनच लावता यावं, असं धाकट्याच्या मनात होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, वायरमन. म्हणून नव्या घराच्या स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्यावर त्याने घरातले वायरींचे सगळे पाइप आईच्या कोपऱ्याकडे वळवले आणि तिथे तारेने आवळून एकच जुडी केली.

गवंडीमामा वर चढले आणि जुडीकडे बघत राहिले. पाइप सुटे ठेव, मधून खडी उतरू दे, असं त्यांनी सांगितलं. वर, मोळी विकायला निघालास का, असंही विचारलं. धाकटा हसला. मामा, तुमची भिंत ओळंब्यात, माझे पाइप ओळीत, म्हणाला. मलाही ती ओळ सुबक वाटली. तेवढ्यात काँक्रीटची घमेली वर यायला लागली आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुढे स्लॅबखालचे टेकू निघाले, खोली झाडून झाली. आईने लगेच आपल्या कोपऱ्यात खुर्ची मांडून घेतली. आता मला इथून हलवू नका, म्हणाली. तिच्या डोक्यावर छताला एक बारीक, सरळ रेघ होती. स्लॅब ओतताना खाली लावलेल्या फळ्यांचा सांधा उमटला असेल, असं मला वाटलं.

घंटा कुठे लावू ते दाखव, म्हणून धाकट्याने बाहेरून हाक मारली. आत्ता कुठे टेकले होते, असं पुटपुटत आई माझा दंड धरून उठली. आम्ही उंबऱ्यात पोहोचलो आणि मागे धप्प झालं. भरलं पोतं टाकावं तसं.

खुर्चीवर छताचा भलामोठा तुकडा, तिचे चारही पाय चार दिशांना. वर उघडे पाइप, एकमेकांना चिकटलेले, मधे खडीचा एक दाणा नाही. तार अजून तशीच आवळलेली.

धाकट्याच्या हातात घंटेचं बटण होतं, ते तो नुसतंच दाबत होता.

गवंडीमामा धावत आले. त्यांनी वर पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मोळीचं नावही काढलं नाही. "आधी सगळे बाहेर," एवढंच म्हणाले आणि टेकू आणायला गेले.

आई पायरीवर बसली. तिने धाकट्याला विचारलं, "हाक तूच मारलीस ना?"

"जुडीपण मीच बांधली, आई."

ती जरा सरकली, शेजारी जागा केली. तो बसला नाही.