आतल्या खोलीतली कोठी

गोजरबाईनं जुन्या लुगड्याचा बोळा पिशवीत कोंबला आणि वरून थापटला. आता ती दाण्यांनी भरल्यासारखी दिसत होती.

"काऊन कोंबून राह्यली? तिथं कोनी पाहाते का?" खाटेवरून तिचा नवरा शेषराव म्हणाला. त्याचा पाय मोडल्यापासून घर तिच्या एकटीच्या मजुरीवर होतं, आणि महिनाभर मजुरीच नव्हती.

"रस्त्यानं तं पाहातेत," ती थकून म्हणाली.

अमडापूरच्या त्या पत्र्याच्या चर्चमधली रीत जुनी होती. बायका रोज सैपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. रविवारी प्रार्थना झाली की एकेकीनं पिशवी घेऊन आतल्या खोलीत जायचं. तिथल्या कोठीत कोणी ओतायचं, कोणी काढून घ्यायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही. गोजरबाई कायम ओतणाऱ्यांतली, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा ताठाही होता.

त्या रविवारी चर्चचे पाळक येशूला मानणाऱ्या पहिल्या मंडळीची गोष्ट सांगत होते. तेव्हा म्हणे कोणी कशालाच माझं म्हणत नसे. गोजरबाईचं चित्त मात्र पिठाच्या रिकाम्या डब्यात होतं. शेजारी गीताबाई बसली होती, इस्त्रीचं पातळ नेसून, मांडीवर फुगलेली पिशवी घेऊन. हिचं बरं आहे, पोरगा चिखलीला दुकानात लागलाय, असं गोजरबाईला वाटून गेलं.

प्रार्थना झाली, आधी गोजरबाईची पाळी आली. आत कोठीच्या तळाला ज्वारी-गहू वीतभरच होते. तिनं बोळा काढला, पिशवी भरून घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोळा लपवायला कोठीमागं हात घातला, तर तिथं आधीच एक कापड होतं. दोऱ्यानं गुलाब भरलेली उशीची खोळ, धूळ बसलेली. इतके वाकडे गुलाब साऱ्या गावात एकटी गीताबाईच काढायची.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

गोजरबाई तशीच उभी राहिली. मग तिनं अर्धी पिशवी परत कोठीत ओतली. लुगड्याचा बोळा मात्र लपवला नाही. नीट घडी घालून त्या खोळीवर ठेवला, दिसेल असा.

ती बाहेर आली तेव्हा गीताबाई उठली. फुगलेली पिशवी तिच्या एका बोटावर लोंबत होती.

"हाय का व जागा कोठीत?" तिनं विचारलं.

"हाव. जाय आरामानं."

गोजरबाई पायरीवर चपला शोधत रेंगाळली. समोरच होत्या. बऱ्याच वेळानं गीताबाई बाहेर आली, डोळे पुसलेले, पिशवी अर्धीच, पण दाण्यांच्या वजनानं ताणलेली.

"थांबली काऊन?"

"चपला सापडून नाही राह्यल्या."

गीताबाईनं वाकून त्या तिच्या पायांशी सरकवल्या.

"चाल माय, संगच जाऊ."