तिच्यापुरता गजर

...आणि चिमटीत ती घोंगावली, काडेपेटीत कोंडलेल्या माशीसारखी. बंद पडलेल्या मोबाईलमधून काढलेली मोटर, चिंचोक्याहूनही लहान. पण पंजाबरावाच्या अंगठ्यातून थेट कोपरापर्यंत शिरशिरी गेली. मोताळ्याच्या बाजारात दुकान थाटल्यापासून लोकांचे किती फोन त्यानं जिवंत केले असतील — हे मात्र बायकोसाठी, केसरसाठी होतं. न वाजणारं घड्याळ. मनगटाला बांधायचं, आणि उठवायचं फक्त तिला.

कारण केसर हल्ली झोपतच नव्हती. पहाटे कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची गाडी गाठायची, आणि गजर वाजला की बारावीचा अभ्यास करून उशिरा निजलेली लेक प्रतीक्षा दचकून उठायची. म्हणून ही बाई गजरच लावेना, नुसती पडून राही, डोळे सताड उघडे... "दुसऱ्याच्या वावरात काऊन जातं वं? आपला कापूस?" त्यानं एकदा विचारलं होतं. "आपल्या कापसाले अजून टाइम हाय. बोंडं चांगली हायेत," ती म्हणाली होती, आणि दुकानात बसणाऱ्या त्यानं मान डोलावली होती.

पहिला पट्टा खाटेच्या लोखंडाला लागून असा खडखडला की तिघंही उठून बसली. केसर तोंडात पदर कोंबून हसली — किती दिवसांनी! मग त्यानं मोटरभोवती कापसाची इवलीशी गादी शिवली, बरोबर नाडीवर टेकेल अशी.

आज पहाटे तो जागाच होता, डोळे मिटून, पट्टा चालतो का ते पाहायला. चालला. आवाज नाही, फक्त तिचा श्वास बदलला. प्रतीक्षा ढिम्म. तो मनातून हरखला, आता उठून म्हणावं, पाह्यलं का! — तेवढ्यात ती त्याच्या उशाशी बसली, केसांवरून हात फिरवत पुटपुटली, "अळी लागली हो. समद्या वावरात. बीटी कापसाले अळी येत नाही म्हणे... बोंड फोडलं का आत गुलाबी. कसं सांगू तुमाले? तुमी त्या घड्यायात इतके खुश होऊन राह्यले."

उघडू का डोळे? मी ऐकलं हे कळलं, तर उद्या ती अशी बसणार नाही, कुणापाशीच बोलणार नाही. आणि नाही उघडले, तर हे सगळं ती एकटीच... तिचा हात अजून कपाळावर होता, वेचणीनं खरखरीत झालेला, ऊबदार. पंजाबरावानं श्वास झोपेतल्यासारखा संथ ठेवला. आपण तिला फसवतो आहोत की सोबत करतो आहोत, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.