काढून टाकलेलं फंक्शन

धरणांच्या पाणीपातळीचे आलेख काढणारा तिचा प्रोग्राम तिच्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालत होता, पण सकाळी ऑफिसच्या सर्व्हरवर चढवला आणि बंद पडला. आलेखांची लायब्ररी, म्हणजे त्यासाठीच्या तयार कोडचा संच, फुकट आणि सगळ्यांना खुली होती; जगभरचे लोक हौसेने तीत भर घालायचे. सर्व्हरवर लायब्ररीची नवी आवृत्ती होती आणि तिच्यातून एक फंक्शन, कोडचा एक छोटा तुकडा, काढून टाकलं होतं. आलेखातल्या रेघांची नावं एकमेकांवर चढू नयेत, एवढंच काम ते करायचं.

ते तिच्या धाकट्या भावाने लिहिलं होतं. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

बदलांच्या यादीत त्याबद्दल एकच ओळ होती: आता याची गरज नाही. तिने ती दोनदा वाचली. रडू येईल म्हणून थोडं थांबली, पण काहीच आलं नाही.

"अडलंय कुठे?" साहेबांनी विचारलं.

"एक फंक्शन गेलंय."

"मग जुनी आवृत्ती टाक की. उगाच डोकेफोड कशाला?"

पण जुनीत सुरक्षेच्या त्रुटी होत्या, आणि भाऊ असता तर त्यानेच तिला वेड्यात काढलं असतं. तिने आपल्या प्रोग्राममधली त्याचं फंक्शन वापरणारी ओळ पुसून नवी लिहिली. आलेख उमटला. नावं नीट बसली होती, पूर्वीपेक्षा जरा सुबकच.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"म्हणजे आता त्याचं तिथे काहीच उरलं नाही का गं?"

"जुन्या आवृत्तीत आहे. ती कोणी पुसत नाही."

"बरं," आई म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.