फळीवर उरलेली पुडी

“खाजाभाई, भरू का टेम्पो?” शिवप्रसादनं दारातूनच विचारलं. उदगीरच्या त्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात तो नुकताच वडिलांच्या जागी मालक म्हणून बसला होता.

खाजा मिक्सरपाशी उभा होता. त्याची नजर फळीवर खिळली होती. सकाळी त्यानं मिथिओनिन पावडरीच्या तीन पुड्या मोजून ठेवल्या होत्या, तीन घाण्यांसाठी, मिक्सरच्या एकेका भरतीला एक. तिन्ही घाण्या उतरल्या, तीस पोती शिवून ओळीनं लागली, आणि फळीवर एक पुडी शिल्लक. मध्येच लाइट गेली होती, तेवढ्यात चहा आला होता. त्या गडबडीत राहिली.

पूर्वी हे खपून जायचं. खाद्यात सोयापेंड भरपूर. पुडी चुकली तरी पेंड सांभाळून घ्यायची. आता पेंड कमी केलेली, आणि तिच्यातून पिल्लांना जे मिळायचं ते या मोजक्या पावडरींतून द्यायचं. स्वस्त पडतं, शेडमध्ये घाणही कमी होते. पण हे खाद्य चूक पोटात घालत नाही. पुडीविना गेलं की पिल्लं खुंटतात, एकमेकांची पिसं उपटतात. अंदाजानं दुबार टाकावी, तर जास्तीचीही बाधते.

कोणती घाणी चुकली हे सांगायला आजवर खाजाचं नाक पुरे होतं. त्या नाकाच्या जोरावर बावीस वर्षं त्याला पोतं उचलावं लागलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तापात ते नाक गेलं. अत्तर गेलं, घरच्या बिर्याणीचा घमघमाट गेला. बायकोला, अख्तरीला, तेवढं ठाऊक. कारखान्यात मात्र तो रोज मूठभर खाद्य हुंगायचा आणि “बराबर हाय” म्हणायचा.

“शिवकांताबाईचा चारदा फोन आला,” शिवप्रसाद म्हणाला. “दोन हजार पिल्लं हायत म्हणती, खाद्य संपून राहिलं. भरू ना?”

“नका भरू, शेठ. एका घाणीत पुडी पडली न्हाई.”

“मग हुंगा की! हाय काय त्यात?”

“नाक गेलंय माझं. तीन महिने झाले.”

हमाल जागीच थांबले.

“मग इतके दिवस काय हुंगत होता हो?” शिवप्रसादनं विचारलं.

“हुंगतंय कोण? इज्जत सांभाळून राहिलो होतो.”

पोती शिवणारी सिद्धम्मा पुढं आली. “मी बघू का, मामा?”

“तुला काय कळतंय?” शिवप्रसाद खेकसला.

“तुमच्यापेक्षा नाक तरी मोठं हाय, शेठ!”

सप्ताहात वीणेकरी दमला तरी वीणा भुईला टेकवत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. खाजानं पहिल्या पोत्यात नमुना काढायची परखी खुपसली आणि मूठभर खाद्य सिद्धम्माच्या तळहातावर ओतलं. “चोळ. ऊब येऊ दे. आता डोळे मीट.”

“अय्यो! सडक्या कोबीवानी!”

“तेच. हे पोतं चांगलं. पुढचं घे.”

अकराव्या पोत्यापाशी ती अडली. दोनदा हुंगलं. “इथं काईच न्हाई, मामा. निस्ती मका.” विसाव्यापर्यंत तसंच. एकविसाव्याला तिनं पुन्हा नाक मुरडलं.

ती दहा पोती उसवून मिक्सरमध्ये गेली, पुडीसकट. शिवप्रसादनं शिवकांताबाईला फोन लावला, उशीर होईल म्हणाला, आणि सिद्धम्माला हुंगायला वर मिक्सरच्या तोंडाशी उभं केलं.

पोती भरून आली तेव्हा शिवायला कुणी नव्हतं. खाजानं खुंटीवरचं शिलाई मशीन उतरवलं. पहिल्याच पोत्याची शिलाई वाकडी गेली.

“दोरा ढिला हाय, मामा!” सिद्धम्मा वरून ओरडली.

“हाव,” म्हणत त्यानं शिलाई उसवली, दोरा ताणला आणि पुन्हा घातली.