माळ्यावरच्या परातीचा कुनाफा

मी एक जुनी तांब्याची परात आहे, मित्रांनो, आणि सध्या जरा तोऱ्यात आहे. तेवढं चालवून घ्या.

मालुबाईंच्या लग्नात मी बेळगावजवळच्या वडगावात, त्यांच्या विणकरी घरात आले. बारसं असो की वास्तुशांत, माझ्याशिवाय पान हलत नसे. मग स्टीलची भांडी आली. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवट थर चढला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. फार वाईट वाटलं.

यंदा मालुबाईंचा मुलगा परशराम दुबईहून आला. तिथे एका पॅलेस्टिनी आचाऱ्याकडे तो कुनाफा शिकला होता. पिठाच्या केसासारख्या तारा, मध्ये चीज, वरून साखरेचा पाक. जत्रेत गाडा लावायचा. चालला तर गावातच राहायचं, नाहीतर पुन्हा विमान, असं त्याने ठरवलं. मालुबाईंचा सगळा जीव त्या गाड्यात अडकला.

तसल्या तारा बेळगावात मिळेनात. त्याने घरच्या शेवया स्टीलच्या परातीत रचल्या. कुनाफा खालून करपला, वरून खडखडीत राहिला आणि उलटताना त्याचे तुकडे झाले.

"कोरडं सूत तुटतंयच की रं," मालुबाई म्हणाल्या. सूत ओलवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी शेवयांवर दुधाचा हबका मारला आणि वर ओलं फडकं झाकलं. "आन् ह्या पातळ पत्र्यात करपणारच. माळ्यावरची काढ."

"ती भंगारात द्यायची न्हाय व्हय?"

"गप. आधी कल्हई करून आण."

कल्हई होऊन मी लखलखत जत्रेत गेले. खाली मंद आच, वर शेवयांचा थर दाबणारे परशरामचे हात. शेजारचे नागेंद्रअण्णा डोकावले. "ह्या तर शेवयाच हायत की!"

परशरामने डोळे मिटले आणि मला ताटावर उपडं केलं. मी काही धरून ठेवलं नाही. कुनाफा अख्खा उतरला, भाकरीसारखा गोल, खरपूस, सोनेरी! अण्णांनी पहिला घास घेतला. "लई झ्याक! घरला पण बांध रं." मग जी रांग लागली, ती शेवया संपेपर्यंत हटली नाही.

"आता जातोस व्हय विमानानं?" मालुबाईंनी विचारलं.

"कुठं जाऊ गं? ही परात सोडून?"

त्या पदराने डोळे पुसत हसल्या. मला तर आनंदाने वाजावंसं वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कुणी काळवंडून पडलं असेल. त्याला खाली घ्या, कल्हई करा. पण पुसून नुसतं शोभेला मांडू नका. आम्हाला काम हवं असतं. बरं, मी निघते. मालुबाई हाक मारतायत, "परात आण रं, पाक उकळलाय!"