ऐकू आलं की बोट वर

लोकांचे कान तपासणं हे तिचं काम, म्हणून दवाखान्यात सगळे तिला कानवाली म्हणायचे. काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोलीत ती पेशंटला बसवायची. खोली इतकी शांत, की आत गेलेल्या माणसाला आपल्या पापण्यांचा आवाज येतोय असं वाटायचं आणि तो घाबरून उगाच खाकरायचा. मग त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवून ती एकच वाक्य सांगायची, "ऐकू आलं की बोट वर. अगदी बारीक आलं तरी."

बाहेर बसून ती आवाज कमी कमी करत न्यायची. आता काही ऐकू येणं शक्यच नाही असं वाटत असताना आतल्या म्हातारबाबांचं बोट हळूच वर यायचं. चेहरा असा व्हायचा, जणू कुणीतरी त्यांना फार लांबून हाक मारली आहे. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी कानवालीच्या अंगावर काटा यायचाच.

अशी ही बाई इंग्रजीच्या वरच्या परीक्षेत नेमकी ऐकण्याच्या पेपरात नापास झाली.

धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. निकाल कळल्यावर तो खाली बसून हसला. "वाचण्यात पास, लिहिण्यात पास, बोलण्यात पास, आणि कानवाली कानात नापास! ताई, हे पेपरात छापून आलं पाहिजे."

"तुझी लिफ्ट अडकू दे मेल्या."

"अडकली तरच पोट भरतं माझं. आशीर्वाद चांगला दिलास."

ती हसली नाही. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती. बोट वर करता न येणाऱ्या तान्ह्या बाळांना ऐकू येतं की नाही, हे कसं ओळखायचं ते तिथे शिकवत. हे शिकायचं म्हणून तिने रात्रीचा दिवस केला होता. अट एकच, ही परीक्षा. पुढच्या खेपेलाही ऐकण्यात दांडी उडाली, तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

म्हणून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवल्यावर घरी आपल्या डोक्यावर तो नकोसा व्हायचा, त्यामुळे टेप फोनवर मोठ्याने लागायची. समोर बाबा बसायचे. ते बस चालवायचे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी उद्या ड्युटी असल्यासारखे रोज संध्याकाळी बुटांना पॉलिश करायचे. इंग्रजी त्यांना 'स्टॉप' आणि 'रिव्हर्स' एवढंच यायचं.

परीक्षेची पद्धत अशी. टेपमध्ये कुणीतरी बोलतं, दोनदा ऐकवतात, आणि खाली एक प्रश्न नि तीन पर्याय असतात. कानवालीचे कान तिखट. टेपमधल्या बाईने 'जिना' म्हटलं, की इकडे डाव्या हाताचं बोट आपोआप वर आणि उजव्या हाताने 'जिना' लिहिलेल्या पर्यायावर खूण. ऐकू आलं की बोट वर! आणि प्रत्येक वेळी उत्तर चूक. कारण पेपर काढणारी माणसं बारा गावचं पाणी प्यायलेली. टेपमधला शब्द उचलून ती चुकीच्याच पर्यायात ठेवत, गळाला गांडूळ लावावं तसा. बरोबर पर्यायात टेपमधला औषधालाही शब्द नसायचा.

"चुकलं," ती म्हणाली आणि पेन आदळलं.

"ते जाऊ दे," बाबांनी ब्रश थांबवला. "त्या बाईचं काय झालं? इतकी तावातावाने काय बोलत होती?"

"बाबा, ती ग्रंथालयाच्या इमारतीबद्दल बोलत होती."

"कुणी पाडली?"

"पाडली नाही हो, नवी बांधली. म्हणजे जुनी पाडूनच बांधली. म्हणून ती आधी चिडलेली. तिथे पाऊल टाकणार नाही म्हणे. मग एक दिवस मैत्रिणीची वाट बघत आत टेकली, ती मैत्रीण येऊन निघून गेली तरी ही आपली आतच. जिना चढताना दम लागतो म्हणते, पण रोज जाते."

"म्हणजे पाघळली."

कानवालीने कागदाकडे पाहिलं. तिसरा पर्याय होता, 'तिचं मत बदललं आहे.' त्यात ना जिना, ना मैत्रीण, ना इमारत. टेपमधली सगळी बाई मात्र त्यात होती.

ती बघतच राहिली. आत्ता टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने काहीतरी नेलं होतं. ओंजळीतून पाणी न्यावं तसं, थेंबही न सांडता. ज्या शब्दांतून ते आलं, त्यातला एकही शब्द सोबत आला नव्हता. मग ते आलं कशातून? कान उघडून त्यातली नाजूक हाडं दाखवणारी सगळी चित्रं तिला पाठ होती. कुठल्याच चित्रात ही जागा दाखवलेली नव्हती.

त्या दिवसापासून नेम ठरला. आधी बाबांना सांगायचं, मग पर्याय वाचायचे. बाबांना उत्तरांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा जीव माणसांत गुंतला. सगळ्या टेपा त्याच दोन कलाकारांच्या आवाजात होत्या, त्यामुळे ते एक जोडपं आहे असं बाबांनी ठरवून टाकलं.

"हीच ना ती? काल वकील होती."

"बाबा, त्या निराळ्या बायका आहेत. आवाज एकीचा."

"परवा मधमाश्या पाळत होती. नोकरी टिकत नाही बिचारीची."

"नवऱ्याचं तरी कुठे धड आहे," भाऊ पाना पुसत म्हणाला. "सोमवारी दंतवैद्य, आज गुहेत वटवाघळं मोजतोय. आमच्याकडे पाठवून द्या, लिफ्टमध्ये निदान वर जाईल."

"हसू नकोस," बाबा गंभीरपणे म्हणाले. "मुलं असतील त्यांना."

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये ओळीने बाकं होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. कानवालीला गंमत वाटली. आज ती काचेच्या आतल्या बाजूला होती. टेप सुरू झाली आणि हॉल असा चिडीचूप झाला, जणू एवढ्या माणसांनी मिळून एकच श्वास घेतला.

शेवटच्या टेपला ओळखीचा आवाज आला. तीच, नोकरी न टिकणारी. यावेळी ती गोठलेल्या समुद्रावर गेली होती. बर्फाला भोक पाडून खोल पाण्यात माइक सोडायचा आणि ऐकत बसायचं, हे तिचं काम. दिवसभर माइकमधून नुसती करकर. यंत्र बिघडलं म्हणून तिने वायरी बदलल्या, यंत्राला शिव्या घातल्या. करकर चालूच. मग तिला कळलं.

कानवालीचं बोट वर गेलं. पर्यवेक्षिका लगबगीने आली आणि खुणेनेच काय म्हणून विचारलं. कानवालीने बोट खाली घेतलं, दुसऱ्या हाताने धरूनच ठेवलं, आणि डोळे मिटून मनातल्या मनात टेबलापाशी जाऊन बसली. बाबा, तिला वाटलं यंत्र बिघडलंय. बिघडलं नव्हतं हो. तो बर्फ होता. एवढा मोठा बर्फ तिच्या पायाखाली हलत होता, आणि ती त्याला बिघाड म्हणत होती.

पर्यायांत 'यंत्र' होतं, 'थंडी' होती. तिने तिसऱ्यावर खूण केली, 'आपण चुकलो याचा तिला आनंद झाला.' दुसऱ्यांदा टेप लागली तेव्हा तिने कागद उलटा ठेवला. त्या वेळी तिने नुसता तो बर्फ ऐकला.

घरी बाबा बुटांपाशीच होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही. "काय करते आता ती?"

तिने सगळं सांगितलं. बाबांच्या हातातला ब्रश हवेतच राहिला.

"बर्फ बोलतो?"

"हो, बाबा."

"आणि हे ऐकायचा पगार देतात?"

"देत असावेत."

"मग ही नोकरी सोडू नको म्हणावं तिला."

निकाल आला तेव्हा भाऊ लिफ्टच्या खड्ड्यात होता, त्याने तिथूनच फोनवर बोंब ठोकली. "पास? कानात? ताई, आता मी हसू कशावर?" कानवालीने फोन टेबलावर ठेवला. बाबांनी बूट उजेडात धरून पाहिला. तो आधीच चकाकत होता. त्यांनी पुन्हा पॉलिश लावलं.

"तिकडे थंडी असेल," ते म्हणाले.

"असेल."

"दोन स्वेटर ने. तो जाड पण." ब्रश फिरत राहिला. "आणि त्या टेपा माझ्या फोनवर टाकून जा. मला काही कळायचं नाही, पण असू देत."

थंडी ऐकू आली, स्वेटर ऐकू आला, टेपा ऐकू आल्या. कानवालीने त्यातल्या कशालाच हात लावला नाही. त्या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक, ऐकू येणं शक्यच नाही असं काहीतरी होतं. तिचं बोट आपोआप वर गेलं.

"काय हवंय?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, बाबा. ऐकू आलं."