अस्वलाला तीन दे

"बरोबर!" स्पीच थेरपीवाली मुलगी टाळी वाजवून म्हणाली.

"चूक," मी म्हणाले.

तिची पुढची टाळी अर्ध्यावरच राहिली. समोर हे खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, डाव्या हाताची दोन बोटं वर. तिने विचारलं होतं, "काका, तुम्हाला मुलं किती?" आणि यांनी तिने शिकवल्याप्रमाणे एकापासून सुरुवात केली होती. "एक... दोन..." आणि थांबले होते.

"काकू, फॉर्मवर तर दोन लिहिलंय," तिने कागद माझ्याकडे फिरवला. अक्षर थोरल्याचं होतं. वडिलांना दवाखान्यात आणलं त्या दिवशी सगळे कागद त्यानेच भरले होते.

"फॉर्म त्याने भरला, मुलं मी जन्माला घातली. तीन लिही."

पोरगी शहाणी निघाली. तिने पुढे काही विचारलं नाही, दोनवर काट मारली आणि तीन लिहिलं. यांनी ते पाहिलं. मग आपल्या दोन बोटांकडे पाहिलं, ती हळूहळू मिटली आणि हात खाली घेतला. मला तेव्हा त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. उलट वाटलं, मेंदूतला एवढा मोठा भाग गेला, सगळे आकडे पुसले गेले, पण हा दोन काही जात नाही.

आमचे हे आयुष्यभर आकड्यांवर जगले. पण गणिताचे मास्तर नव्हेत. एका संस्थेत आकड्यांच्या शब्दांचा अभ्यास करायचे. लोक मला विचारायचे, म्हणजे नक्की काय करतात हो? मी सांगायची, दोनला दोन का म्हणतात हे शोधायचा यांना पगार मिळतो. लोक हसायचे, हेही हसायचे. मी घरी शिलाईकाम करायची. खिडकीशी माझं मशीन, पलीकडे यांचं टेबल. मधेच मान वर करून विचारायचे, "ऐक गं. 'पाच-सात माणसं आली होती' चालेल?"

"चालेल."

"'चार-सात माणसं आली होती'?"

"शी, नाही."

"का नाही?"

"का काय? नाही चालत म्हणजे नाही चालत. मला बाही लावू द्या."

"लिहून घेतो," असं म्हणून खूश व्हायचे आणि कार्डावर टिपून ठेवायचे. माणसं असली तर दोघं, तिघं, चौघं, आणि पाचापासून एकदम पाच जण कसे होतात? एकोणीस म्हणताना आपण विसातला एक कशाला काढतो, सरळ पुढे का मोजत नाही? असले प्रश्न त्या माणसाला जेवताना पडायचे. संस्थेत मोठमोठे विद्वान होते. पण यांचा भरवसा माझ्या कानावर. पेन्सिल कायम हरवायची, म्हणून त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाआड मी बोटभर रुंदीचा एक चोरखिसा शिवायची. फक्त पेन्सिलीसाठी. बोलता बोलता हात आपोआप तिकडे जायचा.

मुलं तीन. थोरला, मधली, धाकटी. तिन्ही पोरांवर यांनी प्रयोग केले. बाकीचे बाप पोरांना घोडा घोडा करतात, हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पत्र्याचा डबा घेऊन बसायचे. डब्यात लाकडी ठोकळे, आणि मी कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेलं एक अस्वल. अस्वल समोर ठेवायचं आणि म्हणायचं, "अस्वलाला एक दे." मग, "अस्वलाला दोन दे." मग, "अस्वलाला तीन दे."

धाकटी दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. मला कोण अभिमान! हे मात्र म्हणायचे, "म्हणते गं, पण तिला कळत नाहीत. ओळ पाठ आहे नुसती." आणि खरंच, एक मागितला तर एक द्यायची, दोन मागितले तर मोजून दोन. तीन म्हटलं की संपलं. डब्यात हात घालून मूठभर ठोकळे उचलायची, अस्वलापुढे ओतायची आणि म्हणायची, "घे!" कधी पाच असायचे, कधी सात. एकदा तर एक ठोकळा अस्वलाच्या नाकावर बसला आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तिच्या जगात एक होता, दोन होते आणि त्यापुढे मूठ होती.

"मुलं अशीच शिकतात," हे मला समजावायचे. "आधी एक. मग कितीतरी महिने नुसता एकच. मग दोन. मग तीन. आणि मग एके दिवशी सगळेच आकडे एकदम उमगतात. बघ तू, अजून चार-पाच महिन्यांत हिला तीन येईल."

चार-पाच महिने तिला मिळाले नाहीत. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. पावणेतीन वर्षांची होती.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. त्यानंतरचं सांगते. मधलीला नव्या शाळेत घालायचं होतं. कचेरीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "अपत्यं किती?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "दोन."

 मधली बरोबर होती, म्हणून रस्त्यात विषय काढला नाही. घरी आल्यावर विचारलं, "दोन कसं म्हणालात?"

ते टेबलाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "जिथे तीन असतात तिथे दोन असतातच. शेजारीण दोन खुर्च्या मागायला आली आणि आपल्याकडे सहा असल्या, तर तू नाही म्हणशील? दोन म्हणणं खोटं नाही होत."

आता सांगा, हे काय उत्तर झालं? पोटची पोर गेलीय आणि बाप खुर्च्या मोजतोय. माझं डोकंच फिरलं. "मग मीही गिऱ्हाइकाच्या कोटाला एक बटण कमी लावत जाते. सोळा असली की पंधरा असतातच, असं सांगेन! तुम्ही तिला खोडलंत. बापाने खोडलं पोरीला. यापुढे मला तुमचं एकही वाक्य विचारायचं नाही."

त्यांनी नाही विचारलं. एकतीस वर्षांत एकदाही नाही. मान वर व्हायची, तोंड उघडायचं, मग पुन्हा कार्डावर वाकायचे. मला कळायचं. मी मशीन जोरात चालवायची. कुणी विचारलं की ते दोन म्हणायचे, मी तीन म्हणायची, आणि नवे लोक आमच्या तोंडांकडे बघत राहायचे. मधलीला कुणी 'तुमची धाकटी' म्हटलं तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "मधली. ही आमची मधली." संसार चालला. थोरल्याचं झालं, मधलीचं झालं, दोघं आपापल्या गावी गेले. आम्ही दोघं भांडलो नाही, बोलत होतो, एकमेकांची दुखणी काढली. पण एक गोष्ट मला हवीच होती. मरायच्या आधी एकदा त्यांच्या तोंडून तीन ऐकायचं होतं.

आणि मग हा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. थोडंफार बोलणं परत आलं, पण आकडे सापडेनात. थेरपीवाली म्हणाली, "काकू, ओळीने म्हणायला लावलं तर दहापर्यंत म्हणतात. पण त्यातला सुटा आकडा हवा असला की हाताला लागत नाही. म्हणून एकापासून निघायचं आणि बरोबर जागी थांबायचं. मधेच अडले की ओळ तुटते." मी मनात म्हटलं, म्हणतात पण कळत नाहीत. हे वाक्य मी आमच्या घरात आधी ऐकलंय.

त्या चूक-बरोबरच्या दिवशी आम्ही निघताना ती म्हणाली, "घरी सराव करा. त्यांच्या ओळखीची एखादी वस्तू मोजायला द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. एकतीस वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. ठोकळे होते, अस्वल होतं, त्याचा एक कान उसवलेला. आणि खाली कार्डांचा गठ्ठा, माझ्याच शिलाईतल्या कापडाच्या चिंधीने बांधलेला. वरच्या कार्डावर लिहिलं होतं, 'हिला विचारायचं.'

मी तिथेच स्टुलावर बसले. एकेका कार्डावर एकेक वाक्य. 'दोनेक दिवस म्हणतात, पण एकेक दिवस म्हटलं की अर्थ का बदलतो? हिला विचारायचं.' 'तिन्ही पोरं आणि तीनही पोरं, हिला फरक वाटतो का?' गठ्ठा चांगला वीतभर उंच होता. एवढं सगळं त्यांना मला विचारायचं होतं. प्रत्येक वेळी मान वर केली होती, माझं मशीन ऐकलं होतं आणि कार्ड इथे आणून ठेवलं होतं.

सगळ्यात खालचं कार्ड शाळेच्या त्या आठवड्यातलं होतं. अक्षर वाकडंतिकडं.

'मला दोन मुलं आहेत. हे म्हणता येतं. मला तीन मुलं, एवढं म्हटलं की पुढे काय म्हणायचं? आहेत म्हटलं तर लोक विचारतील, तिसरं कुठाय. मग होती म्हणावं लागेल. ते माझ्याच्याने होत नाही. दोन म्हटलं की तिच्याबद्दल होती म्हणावं लागत नाही. तीन आहेत, असं म्हटलेलं चालेल का? हिला विचारायचं.'

 मी रडले, मोठ्याने रडले. बाहेरच्या खोलीतून ते "अं? अं?" करत राहिले. मला वाटत होतं, हा माणूस पोरीला मोजत नाही. आणि तो एकतीस वर्षं एक शब्द चुकवत जगला होता. त्याला मला नुसतं विचारायचं होतं. आणि विचारायची बंदी मीच घातली होती.

तोंड धुऊन मी डबा बाहेर आणला. त्यांच्यापुढे टेबलावर अस्वल ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि डाव्या हाताने त्याचा उसवलेला कान सारखा केला.

"अहो," मी म्हटलं. "सराव करायचाय. आपल्याला मुलं किती?"

त्यांनी डाव्या हाताने एक ठोकळा अस्वलापुढे ठेवला. "एक." दुसरा ठेवला. "दोन." थांबले.

मी म्हणणार होते, असू द्या, बरोबर आहे. पण ते संपवून थांबले नव्हते. ओठ हलत होते, जीभ टाळूला लागत होती, पुन्हा सुटत होती. कपाळावर घाम आला. एकतीस वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो आता त्यांना म्हणायचा होता, आणि तो नेमका कुठेच सापडत नव्हता.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "दमाल."

त्यांनी डब्यात हात घातला. मूठभर ठोकळे उचलले, बोटांतून दोन खाली निसटले, कपाटाखाली गेले. मूठ माझ्या मांडीवर आणून त्यांनी उघडली.

"घे," ते म्हणाले.

माझ्या पदरात ठोकळे पडले होते आणि समोर तिचं अस्वल होतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तीन मोजून द्यायला तिला येत नव्हतं, आता त्यांनाही येत नव्हतं. मला येत होतं. आणि इतकी वर्षं मी ते नुसतं त्यांना मारायला वापरलं होतं.

मी खालचं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत होतं की नाही, देव जाणे. मीच वाचलं, शेवटच्या प्रश्नापर्यंत.

"चालेल," मी म्हटलं. "तीन आहेत. तीनच आहेत. आहेतच म्हणायचं. लिहून घ्या."

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांपूर्वीचा, खूश झालेला चेहरा. डावा हात माझ्या हातातून सुटला आणि छातीवर गेला. बोटं खिशात शिरली, खिशाच्या आड पेन्सिल शोधू लागली, कापड चाचपत राहिली. तिथे चोरखिसा नव्हता. शाळेच्या त्या दिवसानंतर मी तो एकाही शर्टाला शिवला नव्हता.